जखमी माणसाचं नाव

“हेमराज पटलेचं घर हेच ना?” मी विचारलं.

“हो जी. मीच हेमराज,” दार उघडणारा माणूस म्हणाला. अंगावर चादर, डोळे तापाने लाल. “काय झालं, मॅडम?”

मी हातातला पत्ता परत वाचला. कारण हेमराज पटलेचा पाय कारखान्यात चिरडला आहे आणि तो दवाखान्यात आहे, हे त्याच्या घरी सांगायला मी आले होते. आमच्या कंपनीचा ड्रायव्हर साहू माझ्या मागे उभा होता. खुर्सीपारच्या त्या गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून आम्ही दोघं चालत आलो होतो. साहूने एकदा त्या माणसाकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

पुढचं सांगण्याआधी मी कोण ते सांगते. भिलाईच्या इंडस्ट्रियल एरियात लोखंडी गर्डर आणि खांब बनवणारी एक खासगी कंपनी आहे. तिथे मी बाविसाव्या वर्षी स्टेनो-टायपिस्ट म्हणून लागले आणि प्रशासकीय अधिकारी म्हणून रिटायर झाले. माझे वडील भंडाऱ्याकडून इथल्या सरकारी स्टील प्लांटमध्ये क्लार्क म्हणून आले होते. मलाही प्लांटमध्येच लागायचं होतं, पण माझ्या वेळी भरती बंद होती. मग ही नोकरी धरली आणि पूर्ण आयुष्य तिथेच गेलं. शॉर्टहँड गेलं, टाइपरायटर गेला, टेलेक्स गेला, साहेब बदलले. मी राहिले.

लोक विचारतात, प्रशासकीय अधिकारी म्हणजे नेमकं काम काय? मी सांगते, जे काम दुसऱ्या कुठल्याच डिपार्टमेंटचं नाही ते. कँटीनच्या डाळीत खडा निघाला, बोलवा कुंदा मॅडमना. गेस्ट हाउसचा गीझर बंद पडला, कुंदा मॅडम. एखाद्याला मोठा अपघात झाला तर त्याच्या घरी कळवायला जायचं, तेही कुंदा मॅडमनीच. हे शेवटचं काम कोणालाच नको असायचं. सेफ्टीवाले म्हणत, आम्ही जागेवर थांबतो. पर्सोनेलवाले म्हणत, आम्ही पेपर बघतो. बाई गेली की घरच्या बायकांना धीर येतो, असं एका जुन्या साहेबांनी कधीतरी ठरवलं, आणि ते काम मला कायमचं चिकटलं.

त्याची माझी एक पद्धत होती. फोनवर सांगायचं नाही. उभ्या उभ्या सांगायचं नाही. आणि पहिल्याच वाक्यात खरं काय ते सांगायचं. “थोडंसं लागलंय” असं म्हणून माणसाला दवाखान्यापर्यंत नेलं, की तो तुमच्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवत नाही.

त्या दिवशी सकाळच्या शिफ्टमध्ये क्रेनने लोखंडी अँगलचा गठ्ठा उचलला होता. माल उचलायला तारेचा पट्टा बांधतात, त्याला स्लिंग म्हणतात. ती एका बाजूला सरकली आणि गठ्ठा खाली उभ्या असलेल्या हेल्परच्या पायावर आला. ठेकेदाराचा माणूस होता. सेफ्टीवाल्यांनी त्याला लगेच शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोहोचवलं. खिशात गेट पास होता. त्यावर नाव हेमराज पटले, वय चौतीस, पत्ता खुर्सीपार. फोटो घामाने आणि तेलाने असा झाला होता की त्यात कोणीही दिसलं असतं. पासवरून हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसने नाव कळवलं, दवाखान्यात तेच लिहिलं गेलं, आणि तोच पत्ता घेऊन मी निघाले.

आणि दारात हेमराज पटले दोन्ही पायांवर उभा होता.

“हेमराज, तू आज कामावर गेला नाहीस?” मी विचारलं.

तो चाचरला. “ताप आहे जी. चार दिसांपासून.”

“मग तुझ्या पासवर कोण गेलं?”

तो काही बोलायच्या आत त्याच्या मागून त्याची बायको पुढे आली. हाताला कणीक लागलेली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी कंपनीची, सोबत ड्रायव्हर, भरदुपारी त्यांच्या दारात. तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

“मनोजले काय झालं?” ती म्हणाली. “बोला ना जी, माह्या भावाले काय झालं?”

मी तिला खाटेवर बसवलं, शेजारी बसले आणि सांगितलं. पाय गुडघ्याखाली चिरडला आहे. जिवंत आहे, शुद्धीवर आहे. पाय वाचेल की नाही सांगता येत नाही. ती ओरडली नाही. कणकेचा हात पदराला पुसत राहिली, पुसत राहिली. हेमराज चप्पल शोधू लागला.

गाडीत सगळं कळलं. तिचं नाव सुनीता. मनोज तिचा धाकटा भाऊ, आमगावचा. तिथे ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग करायचा. काम मिळतं का बघायला म्हणून पंधरवड्यापूर्वी बहिणीकडे आला होता. ठेकेदाराचा नियम असा, की सलग तीन दिवस आला नाही त्याचं नाव कापायचं. हेमराजला तापाने उठवेना. मग तिसऱ्या दिवसापासून मनोज त्याचा पास घेऊन जाऊ लागला. हेल्मेट, तोंडाला रुमाल. गेटवर पास दाखवला की आत. तोंड कोण बघतो?

“ठेकेदाराला माहीत होतं?” मी विचारलं.

“त्याच्या सुपरवायझरले सांगतलं होतं जी,” हेमराज म्हणाला. “तो म्हणे, माणूस पाहिजे, कोणताही पाठव.”

दवाखान्यात पोहोचलो तर ठेकेदार आधीच आलेला. हेमराजला बघून त्याचा चेहरा उतरला. त्याने मला बाजूला घेतलं आणि फोन पुढे केला. पलीकडे आमचे जनरल मॅनेजर माथुर साहेब होते. आमचं बोलणं नेहमी हिंदीत चाले, इथे मराठीत देते.

“मॅडम, मला ठेकेदाराने सांगितलं,” साहेब म्हणाले. “नावाला हात लावू नका. जखमी हेमराजच आहे. विमा हेमराजचा आहे. पासवर दुसरा माणूस आत आला, हे बाहेर पडलं तर विमावाले हात वर करतील. फॅक्टरी इन्स्पेक्टर येईल, पोलिस येतील. त्या गरिबाचाच इलाज अडकेल.”

यातली शेवटची गोष्ट खोटी नव्हती, म्हणून ती जास्त अवघड होती. मी माथुर साहेबांना वाईट माणूस म्हणणार नाही. अशा वेळी सगळ्यांना त्रास कमी होईल असं काहीतरी सुचतं, आणि ते बहुतेक वेळा खोटं असतं.

“साहेब, ऑपरेशन मोठं आहे,” मी म्हटलं. “टेबलावर काही झालं तर?”

“असं काही होणार नाही.”

“झालं तर कागदावर मेलेला माणूस इथे माझ्यासमोर बाकावर बसला आहे.”

 ते म्हणाले, “आधी ऑपरेशन होऊ द्या. नाव नंतर बघू.” आणि फोन ठेवला.

मी बाकाकडे आले. मला वाटलं होतं, निदान घरचे तरी माझ्यासोबत असतील. पण हेमराज हात जोडून उभा राहिला.

“मॅडम, माहंच नाव राहू द्या,” तो म्हणाला. “मी गावाले निघून जातो. मनोज इथं हेमराज म्हणून राहील. त्याचा इलाज तर होईल. आमाले चालते जी.”

“तुला चालतं. मनोजच्या घरी कोण आहे?”

“बायको आहे.”

“तिला कळवलं?”

तो सुनीताकडे बघू लागला. सुनीता पहिल्यांदाच त्याच्यावर चिडली. “शारदाले अजून कोणी सांगतलंच नाही,” ती म्हणाली. “तिच्या नवऱ्याचा पाय जाऊन राहिला, अन् तुमी नाव कोणाचं लावाचं ते पाहून राहिले!”

तेवढ्यात सर्जन बाहेर आले. तरुण होते, घाईत होते. पायाचा रक्तपुरवठा तुटला आहे, फार थांबता येणार नाही, बहुधा गुडघ्याखाली कापावाच लागेल, असं त्यांनी सांगितलं. “पेशंटची बायको कोण?” त्यांनी विचारलं. ठेकेदाराने सुनीताकडे बोट केलं.

सुनीता जागची हलली नाही. “मी बायको नाही,” ती म्हणाली. “मी बहीण आहे.”

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, “डॉक्टर, पासवरचं नाव या माणसाचं आहे, आत झोपलेल्याचं नाही.” आणि हेमराजला पुढे केलं. ठेकेदार मागे सरकला आणि मोबाइल कानाला लावून जिन्याकडे गेला.

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “असं असेल तर मी कोणाच्या सांगण्यावर जाणार नाही. पेशंट शुद्धीवर आहे. शुद्धीवरच्या माणसाची संमती त्याची त्यानेच द्यायची असते. चला, त्यालाच विचारू. तुम्ही दोघी या.”

मनोज आत स्ट्रेचरवर होता. वेदना कमी व्हायची औषधं चालू होती, तरी त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. बहिणीसारखंच रुंद कपाळ. पायावर झाकलेलं होतं. मी तिकडे बघितलं नाही.

“नाव काय तुझं?” डॉक्टरांनी हिंदीत विचारलं.

“हेमराज पटले,” तो लगेच म्हणाला.

“वडिलांचं नाव?”

“तुळशीराम पटले.” हेही हेमराजच्या वडिलांचं. पाठ केलेलं होतं. गेटवर कोणी अडवलं तर लागेल म्हणून घरून शिकवून पाठवलं असणार. पाय चिरडला, तासांवर तास त्याच खोट्या नावाने हाका ऐकल्या, तरी त्याने ते सोडलं नव्हतं. आपल्यामुळे भाऊजीची नोकरी जाऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सुनीता रडू लागली, पण तोंडावर पदर दाबून. त्याला आवाज जाऊ नये म्हणून.

मी वाकले. “हे बघ, हेमराज बाहेर उभा आहे. सगळ्यांना माहीत झालं आहे. आता तुझं नाव सांग.”

तो माझ्याकडे बघत राहिला. ही बाई कोण, हे त्याला कळत नव्हतं. कंपनीची असेल, फसवत असेल, असंच त्याला वाटलं असावं. तो परत म्हणाला, “हेमराज पटले.”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मला दुसरं काही सुचेना. मी विचारलं, “बरं, ते राहू दे. घरी कोणाला बोलवायचं? तुझ्याजवळ आत्ता कोण पाहिजे?”

त्याने डोळे मिटले. 

“शारदा,” तो म्हणाला.

मग बहिणीला म्हणाला, “ताई, शारदाले फोन लाव. मी बोलतो.”

सुनीताने फोन लावून त्याच्या कानाला धरला. तो जे बोलला ते मला शब्दन् शब्द आठवतं. “शारदा, मी बोलून राहिलो. पायाले लागलं. पाय बहुतेक जाईल. तू घाबरू नको, मी चांगला आहे. तू ये.” पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. तो फक्त “हो, हो” म्हणत होता. मग त्याने डॉक्टरांना स्वतःहून सांगितलं, “मनोज रहांगडाले लिहा.” कागदावर सही त्याने केली. खाली बहीण म्हणून सुनीताने केली.

पाय गुडघ्याखाली गेला. जीव वाचला.

शारदा आमगावहून मिळेल त्या गाडीत बसून दुर्गला उतरली. साहू गाडी घेऊन स्टेशनवर थांबला होता. तिने त्याला एकच विचारलं, “दवाखान्यात त्याचं खरं नाव सांगू की भाऊजीचं?” पास घेऊन जायचं ठरलं तेव्हाच फोनवर कोणीतरी तिलाही शिकवून ठेवलं होतं. साहूने त्याच्या छत्तीसगढीत सांगितलं, “बहिनी, अब असली नाव चलही.”

दुसऱ्या दिवशी माथुर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर अपघाताचा रिपोर्ट होता. असा रिपोर्ट सरकारी फॅक्टरी विभागाला पाठवावाच लागतो. तो तयार करणं माझ्याकडे होतं आणि मी त्यात खरं नाव घातलं होतं. पासही लिहिला होता, सुपरवायझरही लिहिला होता.

“तुम्ही कोणाच्या बाजूने आहात, मॅडम?” त्यांनी विचारलं.

“साहेब, डॉक्टरांकडे मनोज आहे, पोलिसांकडे मनोज आहे. आपल्याकडे हेमराज कसा ठेवायचा?”

“मी तुम्हाला थांबायला सांगितलं होतं.”

“हो, सांगितलं होतं.”

“तुमच्या रिटायरमेंटला किती राहिलं?”

“एक वर्ष.”

त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. मग त्यांनी सही केली. राग होता, पण सही केली. एवढं त्यांच्या बाजूने मी नेहमी सांगते.

पुढे जे व्हायचं ते सगळं झालं. इन्स्पेक्टर आले. कंपनीला जाब द्यावा लागला. विम्याचं प्रकरण लोंबकळत राहिलं आणि तोवर मनोजचा इलाज कंपनीला स्वतः करावा लागला. वकिलाने साहेबांना समजावलं होतं, की काम करताना लागलेला माणूस कोणाच्या पासवर आत आला, याने कंपनीची जबाबदारी संपत नाही. ठेकेदाराचा ठेका गेला. नव्या ठेकेदाराने जुने जवळजवळ सगळे कामगार घेतले, हेमराजला घेतलं नाही. पास दुसऱ्याला देणारा माणूस म्हणून त्याच्या नावापुढे शेरा बसला होता. मी दोनदा साहेबांकडे गेले, एकदा नव्या ठेकेदाराकडे गेले. उपयोग झाला नाही. ज्या नोकरीसाठी मनोजने आपलं नाव लपवलं, ती नोकरी गेली.

माझ्या बाबतीत सांगायचं तर, आमच्याकडे जुन्या अधिकाऱ्यांना रिटायरमेंटनंतर वर्ष-दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवत. मला ठेवलं नाही. निरोप समारंभ चांगला केला. शाल दिली, श्रीफळ दिलं, माथुर साहेब माझ्याबद्दल बरंच चांगलं बोलले. दुसऱ्या दिवसापासून मी घरी. आम्ही रिसालीला घर बांधलं होतं, तिथे पहिले काही महिने मी सकाळी उगाच लवकर आंघोळ करून बसायचे.

दोनेक वर्षांनी भिलाईच्या पावर हाउस भागातल्या बाजारात सुनीता भेटली. तिनेच हाक मारली. भाजीच्या पिशव्या खाली ठेवून आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसलो.

“हेमराज कसा आहे?” मी विचारलं.

“ऑटो चालवते. किरायाचा आहे. कारखान्यासारखं नाही जी, पण चालते.” तिने पिशवी जवळ ओढली. “मॅडम, तुमचा लय राग आला होता मले. आमच्या घरात तुमचं नाव कोणी घेत नव्हतं.”

“आता?”

“आता घेतो कधी कधी. राग अजून थोडा आहे. खोटं कावून बोलू?”

“आणि मनोज?”

“तो आमगावलेच आहे. ग्रिलच्या दुकानात. स्टुलावर बसून वेल्डिंग करते. नकली पाय लावला आहे, पण उन्हाळ्यात काढून ठेवते, घाम येते म्हणे.” मग तिला काहीतरी आठवलं. “अपंगाचा दाखला काढाले गेला होता ना, तर दवाखान्याचे पेपर मागतले. पेपरवर त्याचंच नाव होतं, तर लगेच बनला. नाही तर मॅडम, पाय माह्या भावाचा गेला असता अन् दाखला माह्या नवऱ्याले भेटला असता.”

ती हे बोलून स्वतःच हसली. मीही हसले. हसण्यासारखं त्यात फार काही नव्हतं, पण हसलो. तिने पिशव्या उचलल्या, “घरी या कधी” म्हणाली आणि ऑटो स्टँडकडे गेली.

आता दुर्गच्या एका संस्थेत ऑफिसचं काम शिकणाऱ्या मुलामुलींपुढे मला अधूनमधून बोलवतात. त्यांना फायलिंग शिकायचं असतं, ईमेल कसा लिहायचा ते शिकायचं असतं. ते मी शिकवते. अपघाताचा निरोप घरी कसा न्यायचा, हेही सांगते, कारण ते त्यांना दुसरं कोणी सांगणार नाही. सांगते की पत्ता हातात आला म्हणून लगेच गाडीत बसू नका. आधी दवाखान्यात जा. माणूस बोलत असेल तर त्याला त्याचं नाव विचारा. आणि त्याने सांगितलेलं नाव लगेच लिहून घेऊ नका. त्याला जवळ कोण पाहिजे, ते विचारा.